गायरान, गरज आणि तृष्णा

बुद्ध धम्म हा घरदार सोडलेल्यांचा मार्ग आहे, त्यात पैशाअडक्याचा विचार नाही, असे अजूनही काही सुशिक्षित बांधव बोलताना आढळतात. दुसरीकडे महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकणारी आमची मुले विचारतात, की अर्थशास्त्रात नीतीचे काय काम? भाव मागणी-पुरवठ्याने ठरतो, पंचशीलाने नाही. या दोन्ही समजुतींविषयी आम्हांला थोडे लिहायचे आहे. मात्र नुसते सिद्धान्त मांडत बसलो तर वाचक पान उलटतील, म्हणून आपल्या मराठवाड्यातला, आपल्याच लोकांचा एक जुना प्रश्न समोर ठेवून लिहितो. तो प्रश्न गायरानाचा.

शहरात वाढलेल्या विद्यार्थ्यांसाठी सांगतो. गायरान म्हणजे गावच्या गुरांना चरण्यासाठी राखून ठेवलेली सरकारी जमीन. बहुधा ती माळाची, मुरमाड, सहसा कुणी नांगर धरू नये अशी. ज्यांच्या वाट्याला गावात कधी जमीन आलीच नाही, अशा आपल्या वाडवडिलांनी या माळावरचे दगड वेचले, बांध घातले आणि बाजरी-तूर पेरली. निजामी राजवट १७ सप्टेंबर १९४८ रोजी संपली, पण त्या दिवशी भूमिहीनाला जमीन मिळाली नाही. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह केला आणि लाखो माणसे तुरुंगात गेली. पडीक जमीन कसणाऱ्याला द्या, ही त्यातली एक प्रमुख मागणी होती. पुढे १९७८ साली आणि मग १९९१ साली महाराष्ट्र शासनाने शेतीसाठी झालेली अशी अतिक्रमणे नियमित करण्याचे निर्णय काढले. दुसऱ्या निर्णयात मर्यादा ठरली ती १४ एप्रिल १९९० ही. त्या तारखेपूर्वीपासून आपण जमीन कसत आहोत हे भूमिहीन मागासवर्गीयाने दाखवून द्यावे, म्हणजे ती त्याच्या नावे होईल. शेजारच्या बीड जिल्ह्यातून ॲड. एकनाथ आवाड यांनी मानवी हक्क अभियानाच्या माध्यमातून हा लढा मराठवाडाभर नेला. ते २०१५ साली गेले. निर्णय कागदावर आहेत. पुष्कळ जमिनी अजून नावावर नाहीत.

गेल्या खरिपाच्या तोंडावर, बँकेत पीककर्जाची गर्दी असताना, जिल्ह्यातल्याच एका खेड्यातले एक गृहस्थ आमच्या टेबलापुढे येऊन बसले. वय सत्तरीच्या पुढे, खांद्यावर पंचा. अडीच एकर गायरान वडिलांपासून कसतात. बियाण्या-खतापुरते कर्ज हवे होते. सातबारा मागितला, तर त्यांनी पिशवीतून पावत्यांचा एक जुडगा काढला. त्या दंडाच्या पावत्या होत्या. सरकारी जमिनीवर अतिक्रमण केले म्हणून वडिलांनी आणि त्यांनी वेळोवेळी भरलेला दंड. तलाठ्याकडे अतिक्रमणांची जी नोंदवही असते, गाव नमुना एक-ई, तिच्यात त्यांचे नाव आहे, सातबाऱ्यावर नाही. म्हणजे सरकारदप्तरी ते अतिक्रमणदार आहेत, शेतकरी नाहीत. आणि हक्क सिद्ध करायचा तर पुरावा म्हणून याच दंडाच्या पावत्या कामी येतात! "साहेब, दंड भरून भरून तरी जमीन आमची झाली नाही का हो?" असे त्यांनी विचारले. आमच्याजवळ उत्तर नव्हते. "बाबा, नियमात बसत नाही," एवढेच आम्ही म्हणालो.

नियमात बसत नाही याचा अर्थ काय होतो, हे बँकेत काम करणाऱ्याला नीट ठाऊक असते. वेळेवर फेडणाऱ्या शेतकऱ्याला तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज महाराष्ट्रात बिनव्याजी पडते. सातबारा नसलेल्या माणसाला तेच पैसे गावातल्या सावकाराकडून शेकडा तीन ते पाच रुपये महिन्याने उचलावे लागतात. वर्षाचा हिशेब वाचकांनी करावा. दुष्काळात अनुदान येते ते सातबाऱ्यावर. पीकविम्यालाही तोच कागद लागतो. गरिबी म्हणजे कमी मिळकत, असे आपण समजतो. पण गरिबाला पैसाही इतरांपेक्षा महाग मिळतो, ही गोष्ट आमच्या पुस्तकांत क्वचितच ठळकपणे लिहिलेली असते. अंगुत्तर निकायातील इण सुत्तात मात्र तो सगळा क्रम आहे. दरिद्री माणूस कर्ज काढतो, मग व्याज वाढते, मग तगादा, मग पाठलाग, मग बंधन. आणि गृहस्थाची जी चार सुखे भगवंतांनी अनाथपिंडिकाला सांगितली, त्यांत ऋण नसण्याचे सुख हे एक आहे. तेव्हा धम्मात पैशाअडक्याचा विचार नाही म्हणणाऱ्यांनी हा भाग अवश्य पाहावा.

बी.ए.ला आम्हांला नीतिशास्त्राचा एक पेपर होता. परीक्षेपुरते पाठ केले आणि विसरलो. त्या गृहस्थांना रिकाम्या हाताने परत पाठवल्यावर मात्र जुनी टिपणे पुन्हा आठवू लागली. त्या थोर तत्त्वज्ञांनी या अडीच एकरांचे काय केले असते?

बेंथमचा उपयुक्ततावाद सांगतो, की जास्तीत जास्त लोकांचे जास्तीत जास्त सुख साधेल ती कृती योग्य. ऐकायला हे सरळ वाटते. पण आता पाहा. २०२३ साली शासनाने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा आणला. शेतकऱ्यांना दिवसा वीज मिळावी, कोळसा कमी जळावा, हे हेतू चांगलेच आहेत. त्यासाठी शासकीय जमीन, त्यात गायरानेही आली, नाममात्र भाड्याने देण्याची सोय आहे. एका बाजूला शेकडो कृषिपंप आणि दुसऱ्या बाजूला एका म्हाताऱ्याची तूर, असा हिशेब मांडला तर बेंथमच्या बेरजेत म्हातारा हरणार हे उघड आहे. ज्यांची संख्या थोडी आणि आवाज लहान, त्यांचे दुःख बेरजेत बुडून जाते. आमचे काही विद्यार्थी परीक्षेत लिहून येतात, की बुद्धांचा बहुजनांच्या हिताचा उपदेश आणि बेंथमचा सिद्धान्त एकच. तसे नाही. बहुतांच्या कल्याणासाठी फिरत राहा असे भिक्खूंना सांगणे वेगळे, आणि बहुतांसाठी थोड्यांना चिरडले तरी चालेल असे म्हणणे वेगळे.

जर्मन तत्त्वज्ञ कान्ट याचे म्हणणे याच्या उलट. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नका, आणि जो नियम सर्वांना लागू व्हावा असे तुम्ही मनापासून म्हणू शकाल त्याच नियमाने वागा. यातले पहिले सूत्र म्हाताऱ्याच्या बाजूने उभे राहते. दुसरे मात्र अडचणीचे आहे. प्रत्येकाने सरकारी जमीन कसावी असा नियम आपण करू शकतो काय? आमच्याच विहारात वर्षावासाच्या काळात एका तरुण उपासकाने हाच प्रश्न धम्माच्या भाषेत विचारला होता. गायरान कसणे म्हणजे दुसऱ्या शीलाचा भंग नव्हे काय? जे दिलेले नाही ते घेऊ नये, असे आपण रोज म्हणतो ना? काही वडीलधारी मंडळी त्याच्यावर रागावली. आम्हांला तो राग योग्य वाटला नाही. प्रश्न प्रामाणिक होता आणि त्याचे उत्तर दिले पाहिजे.

उत्तर द्यायचे तर आधी पाहावे लागते, की हे जे 'दिलेले' आहे ते कोणी, कोणाला दिलेले आहे. गॅरेट हार्डिन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६८ साली सामाईक मालमत्तेच्या शोकांतिकेवर एक निबंध लिहिला. त्याने उदाहरण घेतले होते गायरानाचेच! सर्वांना मोकळे असलेले कुरण, प्रत्येक जण एकेक जनावर वाढवतो आणि शेवटी कुरण उजाड होते. यावर एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने अनेक देशांतली उदाहरणे अभ्यासून दाखवले, की गावकरी मूर्ख नसतात. ते आपसांत नियम करतात आणि कुरण, जंगल, पाणी पिढ्यान् पिढ्या टिकवतात. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. बाईंचे काम मोठे आहे. पण आपल्याला आणखी एक प्रश्न विचारावा लागतो, आणि तो बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी महाडला विचारून ठेवला आहे. चवदार तळे सार्वजनिक होते. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव झाला, त्यानुसार महाड नगरपालिकेने तळे खुले असल्याचे जाहीर केले. जनावरांना तिथे मनाई नव्हती. तरीही सत्याग्रह करावा लागला आणि कोर्टाचा अंतिम निकाल लागायला १९३७ साल उजाडले. म्हणजे गावचे जे सामाईक, त्यात गाव कोणाला धरायचे, हे आधीच ठरलेले होते. गायराने राखली गेली गुरांसाठी, आणि ज्याच्याकडे बैलजोडीच नाही त्याला त्या गायरानाचा उपयोग काय? ज्या वाटणीत आपल्याला मोजलेच नाही, ती वाटणी मोडली म्हणून अदिन्नादानाचा दोष लागतो असे आम्ही मानत नाही. पण त्याच गायरानावर, घरी चाळीस एकर असताना, ट्रॅक्टर घालून बांध सरकवणारेही आहेत. खडीसाठी डोंगर पोखरणारे आहेत. त्यांना तो दोष पुरेपूर लागतो, मग ते कोणत्याही जातीचे असोत.

सर्वोच्च न्यायालयानेही हा फरक काही प्रमाणात मानला आहे. २०११ साली जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा कडक आदेश सर्व राज्यांना दिला. मात्र भूमिहीन मजूर किंवा अनुसूचित जाती-जमातींना शासनाने दिलेल्या जमिनींसारखी काही प्रकरणे अपवाद म्हणून ठेवली. पुढे २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाने गायरानांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली आणि गावोगाव नोटिसा निघाल्या. नोटीस निघताना भूमिहीन आणि बागायतदार यांतला फरक किती पाळला जातो, ते खेड्यातल्या वाचकांना आम्ही सांगायला नको.

जॉन रॉल्स याने १९७१ साली न्यायाची एक कसोटी सांगितली. आपण कोणाच्या पोटी जन्माला येणार हे माहीत नसताना आपण कोणते नियम पसंत करू? अशा वेळी माणूस सर्वांत खालच्याचे बरे होईल असेच नियम निवडेल. बाबासाहेबांच्या विचाराशी जवळीक असलेला असा हा विचार आहे. जिज्ञासूंनी तो मुळातून वाचावा.

आता धम्माकडे येतो. दीघनिकायातल्या कूटदन्त सुत्तात महाविजित राजाची कथा आहे. राज्यात चोऱ्या-दरोडे माजले होते आणि राजाला मोठा यज्ञ करायचा होता. त्याच्या पुरोहिताने सांगितले, की महाराज, मारून, कैद करून, दंड करून हे थांबणार नाही. जे उरतील ते पुन्हा त्रास देतील. त्याऐवजी जे शेती करतात त्यांना बियाणे द्या, व्यापार करू इच्छिणाऱ्यांना भांडवल द्या, चाकरी करणाऱ्यांना पगार द्या. आमच्या टेबलावर दंडाच्या पावत्या आणि मनात बियाण्याचे कर्ज, अशी स्थिती असताना आम्हांला ही कथा आठवली. अडीच हजार वर्षांपूर्वीचा तो पुरोहित आमच्या शाखेत बसला असता तर त्याने काय केले असते? चक्कवत्ति-सीहनाद सुत्तात याच्या पुढची पायरी आहे. तिथला राजा बाकीची सारी कर्तव्ये पाळतो, फक्त निर्धनांना धन देत नाही. त्यातून दारिद्र्य वाढते, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्रे, मग हत्या, मग खोटे बोलणे. शील बिघडण्याचे मूळ भगवंतांनी माणसाच्या दुष्टपणात शोधले नाही, राज्याच्या अर्थव्यवहारात शोधले. बाबासाहेबांनी १९५० साली महाबोधी सभेच्या मासिकात धर्माच्या ज्या कसोट्या मांडल्या, त्यांतही धर्माने दारिद्र्याला पवित्र ठरवू नये ही एक कसोटी होती.

म्हणून आम्हांला एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. धम्मात गरज भागवणे आधी येते आणि तृष्णा आवरणे नंतर. हा क्रम उलटा केला की अन्याय होतो. शूमाकर हा इंग्लंडमधला अर्थतज्ज्ञ १९५५ साली सल्लागार म्हणून ब्रह्मदेशात गेला होता. पुढे त्याने बौद्ध अर्थशास्त्रावर लिहिले, आणि १९७३ साली निघालेल्या त्याच्या 'स्मॉल इज ब्युटिफुल' या पुस्तकामुळे तो विचार जगभर गेला. पुस्तक उत्तम आहे. परंतु त्याचा उपदेश आहे तो ज्यांच्या घरी सारे काही आहे त्यांना. तेच वाक्य उचलून गायरान कसणाऱ्याला सांगणे, की बाबा, संतोष मान, पृथ्वीवर भार पडतो आहे, हा दांभिकपणा आहे. मराठवाड्याच्या भूगर्भातले पाणी त्याच्या अडीच एकरांनी संपवलेले नाही. शेकडो फूट बोअर त्याने घेतलेले नाहीत. त्याच्याकडे वीजजोडणीच नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यात मोसंबीच्या बागा वाळल्या आणि शहराने पाण्यासाठी हाल सोसले, तेव्हा पाणी कुठे गेले याचा हिशेब वरून खाली घ्यायला हवा होता.

आणि मग तृष्णा आवरण्याचा उपदेश करायचा तरी कोणाला? तर आम्हांला. पगारदारांना. ते गृहस्थ उठून गेले त्याच आठवड्यात आपल्याच समाजातल्या एका नोकरदार बांधवाचे लग्नखर्चासाठीचे वैयक्तिक कर्ज आमच्या हातून गेले. पगारपत्रक, दोन सह्या, दहा-बारा टक्के व्याज; हॉल, डीजे, ड्रोनवाला कॅमेरा. त्यांना आम्ही काही म्हणालो नाही, कारण दोन वर्षांपूर्वी आम्हीही चांगला चालता दूरदर्शन संच काढून हप्त्यावर मोठा आणला आहे. १९९१ नंतर आपल्यातल्या एका पिढीला वस्तू पहिल्यांदाच हाताशी आल्या. ज्यांच्या आजोबांना नवे धोतर नेसण्याची चोरी होती, त्यांच्या नातवाने बूट-सूट घालावा यात आम्हांला अभिमानच वाटतो. खुद्द बाबासाहेबांनी नीटनेटके राहायला शिकवले. मात्र वस्तूने मान मिळतो, हा समज बाजाराने आपल्या जुन्या जखमेवर बरोबर नेम धरून रुजवला आहे. अपमान विसरण्यासाठी घेतलेल्या वस्तूचे हप्ते मात्र विसरू म्हणता विसरता येत नाहीत.

दीघजाणु नावाच्या कोलिय गृहस्थाने भगवंतांना सांगितले होते, की आम्ही मुलाबाळांचे, चंदन-फुले वापरणारे, सोने-नाणे बाळगणारे लोक, आम्हांला आमच्यापुरता मार्ग सांगा. भगवंत त्याला हे सारे सोड असे म्हणाले नाहीत. कष्टाने मिळव, मिळवलेले राख, चांगल्यांची संगत धर आणि बेताने राहा, असे त्यांनी सांगितले. बेताने म्हणजे कसे, तर तराजू धरणारा जसा पारडे किती खाली आणि किती वर हे जाणतो तसे. उंबराचे झाड गदागदा हलवून चार फळांसाठी सारा सडा पाडणारा चुकतो. आणि मिळकत मोठी असून उपाशी मरणारा कंजूषही चुकतो. पुढे तळ्याची उपमा येते. चार तोंडांनी पाणी येते, चार तोंडांनी जाते. येण्याची तोंडे बुजवली, जाण्याची उघडी ठेवली आणि पाऊसही पडला नाही, तर तळ्याचे काय होईल? घाणेवाडीच्या तलावाकडे डोळे लावून उन्हाळा काढणाऱ्या जालनेकरांना या उपमेचा अर्थ वेगळा समजावून द्यावा लागत नाही.

विनयपिटकातली एक गोष्ट आम्हांला फार आवडते. कोसंबीच्या उदेन राजाच्या अंतःपुरातील स्त्रियांनी आनंद स्थविरांना पाचशे चीवरे दान दिली. राजाला शंका आली, की हा श्रमण आता कापडाचे दुकान काढणार काय! त्याने जाऊन विचारले. आनंद म्हणाले, ज्या भिक्खूंची चीवरे जीर्ण झाली त्यांना वाटू. मग जुन्या चीवरांचे काय? पांघरुणे करू. जुन्या पांघरुणांचे? गादीच्या खोळी. त्या फाटल्या की जमिनीवरचे आंथरूण, मग पायपुसणे, मग फडकी. आणि फडकीही झिजली की तुकडे करून चिखलात कालवून जमीन सारवू. राजा इतका संतुष्ट झाला, की त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. पर्यावरणावरची भाषणे आम्ही बरीच ऐकली, पण एका कापडाचा एवढा हिशेब कुठे ऐकला नाही. २०१८ साली महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी झाली, तरी आपल्या भोजनदानानंतर विहारामागे द्रोण-पेल्यांचा ढीग साचतो. स्टीलची ताटे घेऊ असा विषय संस्थेच्या बैठकीत दोनदा निघाला आणि घासणार कोण, या मुद्द्यावर दोन्ही वेळा मागे पडला.

गायरानाच्या बाजूने आम्ही एवढे लिहिले, तरी सगळे सुटले असे नाही. गायरान नांगरले की गवत जाते, आणि त्या गवतावर कोणा धनगराची मेंढरे, कोणा विधवा बाईच्या दोन शेळ्या जगत असतात. तीही भूमिहीनच. तिथे गरिबासमोर गरीबच उभा राहतो, आणि कोणताही सिद्धान्त हात वर करतो. आम्ही पाहिलेल्या एका वस्तीने आपसांत ठरवून ओढ्याकाठचा पट्टा चराईला सोडला आणि बांधांवर लिंब-बाभळी राखल्या. हे कोणी अधिकाऱ्याने सांगितले नव्हते. दुसरे असे, की अडीच एकर मुरमावर तीन भावांचे भागत नाही. शेतीवर नको तेवढी माणसे अवलंबून आहेत, हे बाबासाहेबांनी १९१८ सालीच लहान धारणक्षेत्रांवरील निबंधात मांडले होते. १९४७ साली तर त्यांनी शेती राज्याच्या मालकीची करून सामुदायिक पद्धतीने करावी अशी योजना दिली. खेड्याविषयी त्यांना मुळीच भोळे प्रेम नव्हते. त्या गृहस्थांचा नातू जालन्यात सळया तयार करणाऱ्या कारखान्यात कामाला आहे आणि तो गावी परतणार नाही. मग जमीन कशाला, असे आम्ही त्यांना विचारले होते. ते म्हणाले, "ती हाय म्हून तर कोयता हातात घेऊन ऊसतोडीला जावं लागत नाही."

जमीन नावावर करण्याचा अर्ज आता संस्थेच्या दोन विद्यार्थ्यांनी लिहून दिला आहे. एक-ईचा उतारा काढला आहे, ग्रामसभेच्या ठरावासाठी ते दोनदा गावी जाऊन आले. पावत्यांच्या छायाप्रती आम्ही काढल्या. एकूण अकरा पावत्या आहेत. नऊ १९९० नंतरच्या आहेत, त्यांचा उपयोग नाही. दहावीचा अर्धा भाग उंदराने खाल्ला आहे. राहिलेली एक त्यांच्या वडिलांच्या नावाची आहे, नाव, गाव, रक्कम सारे स्पष्ट वाचता येते. फक्त तारखेच्या जागी पाणी लागून शाई पसरली आहे. दिवस आणि महिना दिसतो, सालातला शेवटचा आकडा दिसत नाही. भिंगाखाली धरून आम्हांला तो आठ वाटतो. विद्यार्थ्यांपैकी एकाला तीन वाटतो. तलाठ्याकडच्या त्या काळच्या वसुलीच्या वहीत नोंद सापडते का, ते पाहायला येत्या सोमवारी आम्ही रजा टाकून जाणार आहोत.